गवतावरची ओक

पाठीमागे सगळा मळा त्याला ‘अनवाण्या’ म्हणायचा, तोंडावर ‘दादा’. बूट नव्हते असं नाही. चांगले जाड तळाचे बूट होते. घरून निघताना घालायचा, मळ्याच्या फाटकाशी काढायचा आणि खोपीतल्या खिळ्याला नाड्यांनी टांगायचा. पाणी कुठे मुरलंय, कुठे तुंबलंय, मूळ कुठे सैल आहे, हे तळव्याला कळतं, बुटाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. थंडीत पाय फुटायचे. बायको भेगांत मलम भरताना म्हणायची, “एवढी सेवा माझ्या गुडघ्यांची केली असती तर मी आत्तापर्यंत पळाले असते.”

“कुठे पळाली असतीस?”

“खाली. दुसरीकडे कुठे जाणार? जिनाच आहे पुढे.”

राहायला तिसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, कठडा हलणारा. तिचे दोन्ही गुडघे गेलेले. उतरायचं म्हणजे एका पायरीवर दोन्ही पाय, मग दम, मग पुढची पायरी. त्यामुळे ती उतरायचीच नाही. खिडकीतून खालच्या बायकांशी बोलायची आणि भाजी दोरीच्या टोपलीने वर ओढायची.

मळा होता हिरवळीचा. इथे गवत पेरायचं, कातरून कातरून दाट करायचं आणि गालिच्यासारखं झालं की मुळाखालच्या दोन बोटं मातीसकट पट्टे कापून वळकट्या करायच्या. वळकट्या ट्रकमधून जायच्या. इस्पितळापुढे, बंगल्यापुढे, कार्यालयापुढे नेऊन उलगडल्या की लोकांना वाटावं, हे गवत जन्मापासून इथलंच. काम जोडीचं. एकाने कापायचं पातं ढकलायचं, दुसऱ्याने गुंडाळायचं. वाफा दोघांचा, चूक दोघांची. वाफ्यात काही वावगं दिसलं तर आधी जोडीदाराशी बोलायचं आणि मग दोघांनी मिळून मुकादमापुढे उभं राहायचं. एकट्याने जायचं नाही. हा नियम कोणी घातला नव्हता. पण तो मोडलेलाही कोणी पाहिला नव्हता.

दादाचा जोडीदार म्हणजे त्याचा साडू. थोरली दादाच्या घरात, धाकटी साडूच्या. लग्नानंतर साडू कामाशिवाय घरी बसला होता तेव्हा थोरलीने नवऱ्याच्या मागे भुणभुण लावली आणि दादाने मुकादमाला गळ घातली. साडू डावखुरा. सगळं उलट्या हाताने. पहिल्या वर्षी त्याच्या वळकट्या ट्रकवर चढवतानाच उलगडायच्या. मुकादम म्हणायचा, “हा वळकटी करतो की पिशवी?” दादाने त्याला हाताला धरून शिकवलं. गुडघा कुठे टेकायचा, तळहात किती पसरायचे, पहिला वेढा किती आवळायचा. पहिला वेढा सैल तर शेवटचा आवळून उपयोग नसतो. दोन मोसमांत साडू असा तयार झाला की त्याची वळकटी पायाने ढकलली तरी पट्टा सुटत नसे.

माणूस जीव लावणारा होता, हेही सांगितलं पाहिजे. एकदा आठवडाभर झिमझिम लागली होती. सकाळी वाफ्यात पाहतात तर गवताच्या पात्यांवर पांढरट, फेसाळ काहीतरी पसरलेलं. ताटभर जागा, ओली, लिबलिबीत, जणू कोणी आंबलेलं पिठलं ओतावं तसं. साडू म्हणाला, “रखवालदाराचं कुत्रं ओकलंय. आजारी आहे बिचारं.” आणि डब्यातली भाकरी नेऊन कुत्र्याला चारली. कुत्र्याने ती खाल्ली, वर दादाच्या वाटणीची मागितली.

दादा हसून हसून खाली बसला. “अरे, ही कुत्र्याची नाही. ही जमिनीची ओक.”

त्याला हे त्याच्या आधीच्या म्हाताऱ्या कापणाऱ्याने दाखवलं होतं. ही ओक गवताला खात नाही. मातीतल्या बारीक कुजकटावर जगते, ओल धरली की वर सरकते, पात्यांना धरून बसते. वरून पापुद्रा धरते, आत काळी भुकटी होते, आणि ऊन पडलं की आपोआप नाहीशी होते. खालचं गवत हिरवंच्या हिरवं.

“सरकते म्हणजे? पाय आहेत का तिला?” साडूने विचारलं.

“पाय नाहीत. तरी सरकते.”

साडूचा विश्वास बसेना. त्याने ओकीच्या कडेला काडी रोवली. दुपारी पाहिलं तर ओक काडी ओलांडून पलीकडे. त्या दिवशी साडू येईल-जाईल त्याला हात धरून वाफ्याशी आणत होता. “बघा, बघा, आमच्या वाफ्यात पाहुणी आलीय. पायांशिवाय चालते.” नंतर पाइपने पाणी मारून दोघांनी ती धुऊन टाकली. खाली गवत तसंच.

मधल्या काळात मळ्यात एक वाईट गोष्ट घडली. दुसऱ्या एका जोडीच्या वाफ्यात खरा रोग पडला होता, मुळं कुजवणारा. दोघांनी मिळून तो लपवला. वळकट्या गेल्या आणि गिऱ्हाइकाचं सगळं अंगण सडलं. मालक तेव्हापासून एकच वाक्य बोलायचा, “दिसलं की त्याच दिवशी मुकादमाला सांगायचं. लपवलं तर बाहेर.” ती जोडी खरंच बाहेर गेली.

मग नव्या मैदानाचं काम आलं. मैदानाच्या व्यवस्थापकाने स्वतः येऊन वाफे पाहिले, दादा आणि साडूच्या वाफ्यावर बसून हाताने गवत ओढून पाहिलं आणि म्हणाला, हेच पाहिजे. शिवाय मैदान सांभाळायला एक कायमचा माणूस पाहिजे, तो याच वाफ्यावरचा द्या. गवत ज्याने वाढवलं त्यालाच ते कळेल. मैदानाच्या कोपऱ्यात राहायला जागा. तळमजला. दारापुढे ओटा, ओट्यापुढे गवत.

माणूस एक आणि जोडी दोघांची. साडूच म्हणाला, “दादा, तुम्हीच जा. ताईंच्या गुडघ्यांकडे बघा. मी काय, इथे नवा जोडीदार घेईन. तुम्ही मला शिकवलंत, मी त्याला शिकवीन.”

दादा त्या दिवशी घरी गेला तो जिना एका दमात चढून. बायकोला म्हणाला, “टोपलीची दोरी काढून ठेव.”

“का? तुटली का?”

“आता लागणार नाही.”

त्याने सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “ओट्यावर ऊन येतं का?”

“सकाळचं येतं.”

तिने मग पाच-सहा वेळा तरी तेच विचारलं. सकाळचं येतं ना? ऊन?

व्यवस्थापक शेवटची पाहणी करायला यायचा होता त्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा झिमझिम लागली. पाहणीच्या आदल्या दिवशी सुट्टी व्हायच्या सुमारास दादाच्या तळव्याला काहीतरी बुळबुळीत लागलं. खाली वाकला. ओक. या वेळी ताटभर नाही, चांगली चटईभर, वाफ्याच्या ऐन मधोमध.

साडूने पाहिलं. “आली पाहुणी.”

“नको तेव्हा आली.”

मुकादमाला सांगावं का, याचा दादाने उभ्या उभ्या विचार केला. सांगितलं तर मुकादम पाहणी पुढे ढकलणार. सडलेल्या अंगणाची धास्ती त्याच्या मनातून गेली नव्हती. पाहणी ढकलली तर मैदानवाले दुसऱ्या मळ्याकडे वळणार. आणि सांगायचं तरी काय? रोग नाही, काही नाही. धुतली की जाणारी गोष्ट. पण अंधारून आलं होतं, पाण्याचा पंप बंद झाला होता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीला गुडघ्यात इंजेक्शन घ्यायला इस्पितळात न्यायचं होतं. ती तारीख मिळवायला किती खेटे घातले होते ते त्याचं त्याला माहीत. दुपारपर्यंत त्याला येता येणार नव्हतं.

“सकाळी पंप सुरू झाला की पाइप लाव,” तो साडूला म्हणाला. “आडवं पाणी मार, जोराने. वाफ्याबाहेर धुऊन काढ. झाडूला हात लावू नकोस. तोवर वाळायला लागली असेल तर काळी भुकटी उडेल आणि सगळा वाफा काजळी धरेल.”

“माहीत आहे दादा. मी काय आजचा आहे का?”

“आणि कोणाला बोलू नकोस.”

“नाही बोलत. तुम्ही ताईंना घेऊन जा निवांत.”

इस्पितळातून परत यायला दुपार झाली. थोरलीला जिना चढवायचा म्हणजे मागून आधार द्यावा लागे. खांद्याने तिचा भार पेलत, पायरी पायरी करत दादाने तिला वर पोचवलं, पाण्याचा तांब्या जवळ ठेवला आणि तो मळ्याकडे सुटला. फाटकाशी बूट काढले. वाफ्याभोवती माणसं दिसली. व्यवस्थापक, मुकादम, आणखी दोन-चार जण. त्यांच्यापासून हातभर मागे साडू.

वाफा काळा पडला होता. पुरा नाही, पण मधल्या चटईएवढ्या जागेपासून चारी बाजूंना काजळीचे फराटे गेले होते. कोणी चुलीतली राख उडवावी तसे.

मुकादमाचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. “दादा, हे काल दिसलं होतं?”

“दिसलं होतं. पण हा रोग नाही मुकादम. ही नुसती...”

“काय आहे ते मी विचारत नाही. काल दिसलं, मग मला का नाही सांगितलं?”

“आज सकाळी धुऊन निघणार होती.”

“आणि याला सांगितलंत, कोणाला बोलू नकोस?”

दादाने साडूकडे पाहिलं. साडू स्वतःच्या बुटांकडे बघत होता.

“हो,” दादा म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही. शब्द त्याचेच होते.

“हा सकाळी स्वतःहून माझ्याकडे आला,” मुकादम म्हणाला. “एकटा आला. म्हणाला, दादा माझे वडीलधारे आहेत, पण मालकाचं मीठ खातो, लपवणं मला जमत नाही.”

व्यवस्थापकाने मान हलवली. दादाकडे न बघता तो मुकादमाला म्हणाला, “गवताचं काय ते आठ दिवसांनी बघू. पण माणूस मला असा पाहिजे. दिसलं की सांगणारा.”

ते निघून गेले. दादा खाली बसला. हाताने गवत चाचपून पाहिलं. पाती काळवंडलेली होती, पण जिवंत, ताठ. आणि कोरडी. इथे पाणी मारलंच नव्हतं. त्याने मान वाकडी करून उजेडाच्या बाजूने वाफा न्याहाळला. पाती एका दिशेने झुकलेली. झाडूच्या फटकाऱ्यांनी झुकतात तशी. पण फटकारे सगळे उलट बाजूला गेलेले. त्या मळ्यात झाडू असा मारणारा माणूस एकच होता.

तो खोपीत गेला. पाइपाचं वेटोळं आदल्या दिवशी त्याने स्वतः टांगलं होतं तसंच खुंटीवर. तोंडाशी पाण्याचा थेंबही नाही.

मुकादमाला त्याने हे सगळं सांगितलं. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्याने ऐकून घेतलं, हनुवटी खाजवली आणि म्हणाला, “दादा, ते तुमचं घरचं. उद्या मालकाने विचारलं तर मी काय सांगू, गवत कुठल्या बाजूला झुकलंय ते? सांगायला हवं होतं काल, ते तुम्ही सांगितलं नाहीत. एवढंच माझ्या हातात आहे. तुम्हाला कामावरून काढू देत नाही, त्याची काळजी नको. पण ती जागा आता विसरा.”

साडू खोपीमागे हात धूत होता. साबण लावून, पुन्हा पुन्हा. काळी भुकटी नखांत बसते, लवकर जात नाही.

“पाइप खुंटीवरून हलला नाही,” दादा म्हणाला.

“वेळ झाला नाही दादा. ते लवकर आले.”

“झाडूला वेळ झाला.”

साडूने साबण पुन्हा उचलला. नळ चालूच.

“तुला माहीत होतं काय होईल ते. तूच काडी रोवली होतीस. लोकांना ओढून ओढून दाखवत होतास.”

“आमच्या खोलीचं छत गळतं, तुम्हाला माहीत आहे,” साडू एकदम म्हणाला. “अंथरूण रोज इकडून तिकडे. बायकोला दिवस गेलेत. ताईंचे गुडघे दिसतात, कारण ताई बोलतात. ही बोलत नाही.”

“मग तू बोलायचंस. माझ्या तोंडावर म्हणायचंस, दादा, ती जागा मला पाहिजे.”

“म्हटलं असतं तर दिली असतीत?”

दिली असती, असं म्हणायला दादाची जीभ रेटेना, कारण डोळ्यांपुढे थोरली दिसत होती, पायरीवर दम खात बसलेली.

“नसती दिली कदाचित,” तो शेवटी म्हणाला. “भांडलो असतो आपण. पण केसाने गळा तरी कापला नसतास.”

“मी खोटं काय बोललो? एक शब्द दाखवा खोटा.”

तो शब्द दादाला दाखवता आला नाही. त्याला याचाच संताप आला.

बायकोला त्याने एवढंच सांगितलं की जागा साडूला मिळाली. बाकीचं सांगायच्या आत धाकटीच वर आली. पोटुशी, धापा टाकत, पण चेहरा फुललेला.

“ताई, तू रोज यायचंस हं. ओट्यावर खुर्ची टाकते तुझ्यासाठी. भाऊजी सोडतील सकाळी, संध्याकाळी नेतील. जागा एकीची काय अन् दुसरीची काय, आपलीच.”

थोरलीने तिच्या पाठीवरून हात फिरवला. चहा दिला. ती गेल्यावर नवऱ्याकडे वळून विचारलं, “धुतलं असतं तर गेलं असतं?”

“गेलं असतं.”

“त्याला माहीत होतं?”

“होतं.”

“आणि हिला?”

“ते मला नाही माहीत.”

ती उठली, भिंत धरत खिडकीशी गेली आणि काढून ठेवलेली दोरी टोपलीला परत बांधायला बसली. गाठ बसेना तेव्हा दादा उठून पुढे झाला. तिने हात झटकला. “राहू द्या. मला येतं.”

चांगला पाऊस पडला, मग चांगलं ऊन पडलं. काजळी नाहीशी झाली. व्यवस्थापक आला, गवत हाताने ओढून पाहिलं, खूश झाला. वाफा पास. मैदानाला गवत तेच गेलं, माणूस मात्र दुसरा.

साडू मळ्यात अजून काही दिवस होता आणि वाफा जोडीचा होता. तेव्हा कापायचाही त्यांनाच. पातं ढकलणारा मागे, गुंडाळणारा पुढे गुडघ्यांवर. त्याची बोटं पात्याच्या वाटेतच असतात. म्हणून ढकलण्याआधी कापणारा हुंकार देतो, आणि गुंडाळणारा मागे न बघता हात आत घेतो. मागे बघत बसलं तर काम होत नाही. सकाळी पहिल्या पट्ट्याला साडू मागे वळून वळून बघत होता. दादाने हुंकार दिला. दुसऱ्या पट्ट्याला पुन्हा तो वळला.

“पुढे बघ,” दादा म्हणाला. “मी तुझ्यासारखा नाही.”

त्यानंतर दिवसभर दोघांत फक्त तेवढा हुंकार होता. पट्टे सरळ निघाले, माती सारखी दोन बोटं आली. वळकट्या घट्ट, एकीचंही टोक सुटलेलं नाही. इतकं चांगलं काम त्या जोडीने आधी केलं नव्हतं. ट्रक भरला तेव्हा वाफ्याच्या जागी नुसती उघडी, ओली जमीन राहिली.

साडू ट्रकवर चढला आणि परत उतरला. टोपी हातात घेऊन जवळ आला.

“दादा, लावायला चला ना. एकच दिवस. मला जोड जमत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पट्ट्याला पट्टा नीट भिडला नाही तर कडा वाळतील.”

ते खरं होतं. गुंडाळणं शिकवलं होतं, लावणं अजून शिकवायचं राहिलं होतं. दादा लावताना काठ हातोडीच्या दांड्याने ठोकून एकमेकांत बसवायचा, मग फटीत मूठ मूठ माती भरायचा, मग तळव्याने जोड चाचपायचा. साडूला त्या कामाचा कंटाळा. त्याने लावलेल्या गवताला आठ दिवसांत पिवळ्या चौकटी पडायच्या. दादाने ट्रकवरच्या वळकट्यांकडे पाहिलं. पेरल्यापासून त्यातलं पातं न पातं त्याच्या पायाखालून गेलं होतं.

“नाही येत,” तो म्हणाला.

“माझ्यासाठी नको. गवतासाठी चला.”

दादाने पातं उचललं, नळाखाली धुतलं, फडक्याने पुसून तेल लावलं. ट्रक फाटकाबाहेर गेला तरी त्याने मान वर केली नाही.

घरी थोरली खिडकीशी होती. “लावायला गेला नाहीत?”

“नाही.”

“कडा पिवळ्या पडतील मग.”

“पडू देत,” दादा म्हणाला.

गवताबद्दल असं तो कधी बोलला नव्हता. बोलून झाल्यावर त्याला बसवेना. तो उठला, जिना उतरून खाली आला. आता या वेळी कुठे जायचं हे न कळून कठड्याला धरून तिथेच उभा राहिला.